आपल्या संस्कृतीची पुस्तकं म्हणजे नेमकी कोणती?

आजचा विषय मुलांच्या पुस्तकांचा आहे. महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी आईवडील भेटले की एक प्रश्न हमखास येतो : "मुलांना आपली संस्कृती कळेल असं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." हा प्रश्न इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, बेंगळुरूहून येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी काळजी असते. मुलाला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत येतं. आजी फोनवर काही सांगते, त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं. मग वाटतं, पुस्तकानं तरी हा धागा धरून ठेवावा.

मी हैदराबादेत राहते आणि दर शनिवारी आमच्या भागातल्या काही मराठी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला दर आठवड्याला नव्यानं शोधावं लागतं. आणि शोधताना लक्षात येतं की हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. 'आपली' म्हणजे नेमकी कुणाची, हा पहिला. आणि संस्कृती पुस्तकात येते म्हणजे कशी येते, हा दुसरा. या दोन प्रश्नांना धरूनच आज आपण काही पुस्तकं बघू या. शेवटी पुस्तक निवडताना काय बघावं आणि ती कुठे मिळतात, तेही सांगते.

सुरुवात तंजावरला

मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक कुठे छापलं गेलं? पुण्यात नाही, मुंबईतही नाही. ते छापलं गेलं तंजावरला. तिथले भोसले राजे सरफोजी दुसरे यांना विद्येचं वेड होतं. त्यांनी 'नवविद्याकलानिधी' नावाची शाळा काढली आणि देवनागरी छापखानाही उभा केला. त्या छापखान्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' नावाचं पुस्तक निघालं. सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी त्यात होत्या.

यातली गंमत बघा. राजा मराठी, प्रदेश तमिळ, गोष्टी मूळ ग्रीक, हातात आल्या इंग्रजीतून, आणि छापल्या देवनागरीत. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'इसपनीति' आणि 'बाळमित्र' ही पुस्तकं आली ती १८२८ साली, म्हणजे त्यानंतर बावीस वर्षांनी.

महाराष्ट्राबाहेरच्या आईवडिलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. आपण मूळ गावापासून लांब आहोत, म्हणजे आपल्या मुलांकडे काहीतरी उणं आहे, असा एक सूर आपल्या बोलण्यात असतो. पण मराठी बालपुस्तकाची सुरुवातच लांबच्या गावी झाली आहे. उसन्या गोष्टी आपल्या भाषेत मुरवून घेणं हाही आपल्या वारशाचाच भाग आहे.

आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात तिथून अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं आणि पुढे युरोपभर फिरलं. गोष्टींना पासपोर्ट लागत नाही. तेव्हा 'शुद्ध आपलं' असं पुस्तक शोधायला निघालात, तर हाती फार काही लागायचं नाही. शोधायचं ते प्रामाणिक पुस्तक.

मद्रासहून येणारा चांदोबा

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. आज जे आजी-आजोबा आहेत त्यांच्यासमोर 'चांदोबा' हा शब्द उच्चारा आणि चेहरा बघा. या मासिकाचा जन्म जुलै १९४७ मध्ये मद्रासला झाला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ते आधी तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं. मराठी 'चांदोबा' आला १९५२ साली. पुढे गुजराती, ओडिया, बंगाली, पंजाबी, अशा कितीतरी भाषांत ते निघत राहिलं.

सगळ्या भाषांत चित्रं तीच असत, बदलायचा तो मजकूर. त्यामुळे साताऱ्यातलं मूल आणि विजयवाड्यातलं मूल एकाच महिन्यात एकच चित्र बघत होतं. देवळांची गोपुरं, वाड्यांचे खांब, माणसांचे पोशाख यांत दक्षिणेची छाप होती, आणि तरी मराठी मुलांना ते परकं वाटलं नाही. खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून निघालेला विक्रमराजा आठवतो ना? ते चित्र के. सी. शिवशंकरन यांचं. 'शंकर' एवढीच सही ते करत.

विक्रम-वेताळाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळ 'वेतालपंचविंशती'त नावाप्रमाणे कथा पंचवीस. मासिकात मात्र हे सदर वर्षानुवर्षं चाललं. मूळ कथा संपल्यावर संपादकांनी चौकट तीच ठेवली आणि तिच्यात नव्या गोष्टी भरल्या. राजा प्रेत उचलतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो, राजाचं मौन सुटतं, वेताळ पुन्हा झाडावर. या चौकटीचा जीव गोष्टीत नाही, शेवटच्या प्रश्नात आहे. इथे कोण बरोबर, कुणाचा त्याग मोठा, दोष कुणाचा? मूल उत्तर शोधायला लागतं आणि घरातल्या मोठ्यांशी वाद घालतं.

वारसा जिवंत राहतो तो असा. जुनी चौकट घेऊन तिच्यात नवा प्रश्न घालता आला पाहिजे. नुसती जुनी उत्तरं पाठ करून घेणारं पुस्तक मुलं परीक्षेपुरतं वाचतात.

अमर चित्र कथा : काय दिलं, काय राहिलं

१९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. त्यामागचा प्रसंग पै स्वतः सांगत असत. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांबद्दलची उत्तरं पटापट आली, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. मालिकेच्या पहिल्या दहा अंकांत मात्र परदेशी परीकथाच होत्या. खऱ्या अर्थानं आपली वाट धरली ती अकराव्या अंकानं, 'कृष्ण'नं. तो काढला होता राम वाईरकर या मराठी चित्रकारानं. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा कितीतरी मराठी चित्रकारांचे हात या मालिकेला लागले.

या मालिकेनं केलेलं काम मोठं आहे. कोचीतल्या मुलाला शिवाजी महाराज आणि नागपूरच्या मुलाला तमिळ संत तिथेच भेटले. आगगाडीच्या प्रवासात स्टेशनवर घेतलेला एक अंक डब्यातली चार मुलं वाटून वाचायची. इतक्या वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांना एक समान गोष्टींचा साठा देणं सोपं नव्हतं.

पण आज ते अंक मुलांच्या हातात देताना आपण शेजारी बसावं, असं मला वाटतं. नायक गोरा, राक्षस काळा, ही रंगाची वाटणी त्यांत ठिकठिकाणी दिसते. स्त्रिया बहुतेक वेळा एकाच साच्यातल्या, सुंदर आणि सोशिक. राजे, देव आणि वीर भरपूर. कुंभार, कोळी, शेतमजूर बाजूला उभे. हे मी फार विद्वत्तेनं सांगते आहे असं नाही. मुलांना नुसतं विचारा, "या पानावर वाईट माणूस कोणता, हे तू मजकूर न वाचता कसं ओळखलंस?" ती चित्रावर बोट ठेवतात, आणि ठेवता ठेवता थांबतात. ते थांबणं महत्त्वाचं आहे.

"मग आम्ही मराठी नाही का?"

आमच्या शनिवारच्या वर्गात एकदा सणांवरचं एक चित्रपुस्तक वाचायला घेतलं होतं. पुस्तक देखणं होतं. पानोपानी वाडा, तुळशीवृंदावन, नऊवारी नेसलेली आजी, चांदीची समई. वाचून झाल्यावर नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "ताई, आमच्या घरी यातलं काहीच नसतं. मग आम्ही मराठी नाही का?"

तिचे आजोबा नांदेडकडचे. घरातला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस १४ एप्रिल. त्या दिवशी नवे कपडे असतात, गोडधोड असतं, पाहुणे असतात, सगळं असतं. फक्त ते त्या पुस्तकात नव्हतं.

मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना विचारलं, "तुमच्या घरातला मोठा दिवस कोणता?" एकानं चंपाषष्ठी सांगितली, कारण त्यांचा खंडोबा. एकीची आजी वसईची, तिच्याकडे नाताळ. एक म्हणाला, "आमच्याकडे उरूस, आणि त्या दिवशी काका सोलापूरहून येतात." सगळी मुलं मराठीतच सांगत होती. दहा मिनिटांत जो महाराष्ट्र त्या खोलीत गोळा झाला, तो हातातल्या पुस्तकात मावत नव्हता.

ते पुस्तक खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते एका प्रकारच्या घराचं पुस्तक होतं. अडचण एवढीच की मुखपृष्ठावर त्यानं ते 'सगळ्यांचं' म्हणून सांगितलं होतं. मोठ्या माणसाला हा फरक कळतो आणि तो सोडून देतो. नऊ वर्षांच्या मुलाला तो असा कळतो की कमी आपल्यातच असणार. 'आपली संस्कृती' या दोन शब्दांत एवढं पणाला लागलेलं असतं.

एकच आयुष्य, दोन पुस्तकं

त्या मुलीसाठी मी शोधायला लागले आणि दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघितली. दोन्ही बाबासाहेब आंबेडकरांवरची, दोन्ही चित्रांतून सांगितलेली.

पहिलं 'अमर चित्र कथे'चंच, १९७९ सालचं. लेखन एस. एस. रेगे यांचं, चित्रं दिलीप कदम यांची. त्या काळी मुलांसाठीच्या एवढ्या खपाच्या मालिकेत बाबासाहेब आले, ही गोष्ट लहान नाही. मात्र मांडणी त्या मालिकेची नेहमीचीच : ओळीनं चौकटी आणि सगळ्या अडचणींवर मात करत पुढे जाणारा एकटा नायक.

दुसरं पुस्तक 'भीमायन', २०११ साली दिल्लीच्या 'नवयान'नं काढलेलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांची. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं लिहून ठेवल्या होत्या, त्यांचा आधार या पुस्तकाला आहे.

त्यातला १९०१ सालचा प्रसंग बघा. भीम आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघतात आणि मसूर स्टेशनावर उतरतात. वडिलांना पत्र पोचलेलं नसतं, न्यायला कुणी आलेलं नसतं. मुलांची जात कळल्यावर गाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. बरोबर जेवण आहे, पण रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. जेवण समोर आणि घशाखाली घास उतरत नाही. हा प्रसंग मोठ्यानं वाचला की वर्गात आवाज बंद होतो, कारण तहान सगळ्या मुलांना ठाऊक असते.

व्याम दांपत्यानं हे सांगायला चौकटी वापरल्या नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात त्या 'दिगना'च्या नक्षीनं त्यांनी पान वाहतं ठेवलं. बोलण्याच्या फुग्यांचीही त्यांनी नवी रीत काढली. मायेनं बोलणाऱ्याचे किंवा सोसणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातला विचार असेल तर फुग्यात एक डोळा. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ती स्वतःच म्हणतात, "हा नांगीवाला बोलतोय."

एका समाजानं सोसलेल्या अपमानाची गोष्ट दुसऱ्या एका वंचित समाजाच्या चित्रकारांनी आपल्या रेषेत सांगितली, हे या पुस्तकाचं मोल. इथे वारसा दोन बाजूंनी येतो, विषयातून आणि हातातून. हे पुस्तक साधारण बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना द्यावं, आणि पहिल्यांदा तरी बरोबर बसून वाचावं.

नक्षी वेगळी, नजर वेगळी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : संस्कृती पुस्तकात येते म्हणजे कशी येते?

हल्ली वारली चित्रं सगळीकडे दिसतात. कपबश्यांवर, कुर्त्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि मुलांच्या पुस्तकांच्या कडांवरही. गोष्ट भलतीच असते, पण पानाच्या चारही बाजूंना फेर धरून नाचणारी माणसं. याला मी नक्षी म्हणते. दिसायला छान, पण ती काढून टाकली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही.

याच्या उलट भज्जू श्याम यांचं उदाहरण घ्या. ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार. त्यांचे काका जनगढसिंह श्याम. जनगढ यांचं काम १९८०च्या दशकात भोपाळच्या भारत भवनामुळे जगापुढे आलं आणि गावातल्या कितीतरी जणांना वाट मोकळी झाली. भज्जू श्यामना लंडनमधल्या एका हॉटेलाच्या भिंती रंगवायचं काम मिळालं. परत आल्यावर त्यांनी लंडन काढलं, आणि २००४ साली चेन्नईच्या 'तारा बुक्स'नं त्याचं पुस्तक केलं : 'द लंडन जंगल बुक'.

त्यात बिग बेन आणि कोंबडा एकात एक मिसळले आहेत. का? तर दोघंही वेळ सांगतात. तीस नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा, कारण ती रोज न चुकता त्यांना कामावर न्यायची आणि परत आणायची. विमान म्हणजे उडालेला हत्ती, कारण एवढं जड धूड हवेत जातं हेच नवल.

या पुस्तकात भारतातलं एकही देऊळ नाही, एकही सण नाही. विषय सगळा लंडनचा. तरीही माझ्या मते हे भारतीय वारशाचं पुस्तक आहे, कारण त्यातली नजर पाटणगढची आहे. एरवी परदेशी प्रवासी आपल्याकडे येऊन आपल्याबद्दल लिहितात. इथे गोंड माणूस लंडनला जाऊन लंडन काढतो. परराज्यात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. जाल तिथे आपली नजर बरोबर नेता येते.

'तारा'चंच 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हेही बघण्यासारखं आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या तिघांचं. झाडं दिवसभर सगळ्यांना सावली आणि खाऊपिऊ देण्यात गुंतलेली असतात, रात्री त्यांचं खरं रूप दिसतं, अशी गोंड कल्पना. म्हणून काळ्या हातकागदावर रंगीत झाडं, आणि पानं हातानं स्क्रीन-छपाई केलेली. २००८ साली या पुस्तकाला इटलीतल्या बोलोन्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. मुखपृष्ठावर चित्रकारांची नावं आहेत, हे मुलांना मी मुद्दाम दाखवते. 'लोककला' म्हटलं की आपण नाव विचारतच नाही, जणू ती झाडाला लागते.

आपल्याकडचीही एक आठवण करून द्यायला हवी. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे लोक चित्रकथी सांगतात. सुट्या कागदांवरच्या चित्रांची पोथी असते. एकेक चित्र पुढे धरायचं आणि वाद्याच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान लावायचं. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रपुस्तक ही चीज बाहेरून आली असं आपण समजतो. पिंगुळीत ती पिढ्यान्पिढ्या आहे, फक्त तिथे वाचणारा गातोसुद्धा.

बंगालमधल्या पटुआ चित्रकारांचीही रीत अशीच, पट उलगडत गाण्याची. त्यांच्यातल्या मोयना चित्रकार यांच्या चित्रांवरून 'सीताज रामायण' हे पुस्तक झालं, मजकूर समहिता अर्नी यांचा. त्यात रामायण सीता सांगते. मराठी आजीला हे नवीन वाटणार नाही. जात्यावरच्या ओव्यांमधून बायकांनी सीतेचा वनवास सीतेच्याच बाजूनं गायला आहे. घरात अशी ओवी कुणाला येत असेल, तर हे पुस्तक वाचताना त्यांना शेजारी बसवा.

रोजचं घर हाही वारसाच

सगळा वारसा पुराणात आणि किल्ल्यांवर असतो असं नाही. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' किंवा यशच्या गोष्टी घ्या. त्यांत घरातली माणसं आहेत, त्यांची कामं आहेत, मुलांचे रुसवे आहेत. संस्कृती शिकवू या असा आव कुठेही नाही, आणि तरी मराठी घरातलं बोलणं जसंच्या तसं उतरलेलं. बाहेरच्या राज्यात वाढणाऱ्या मुलाला हेच बोलणं कमी कानावर पडतं. 'रुसू नकोस', 'जरा दमानं घे' हे शब्दकोशातून येत नाही, गोष्टीतल्या माणसांच्या तोंडून येतं.

त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' जरा मोठ्या मुलांसाठी आहे, बालगट आणि कुमारगट अशा भागांत. मराठी साहित्यातले निवडक उतारे आणि बरोबर भारतीय चित्रकलेचे नमुने. सलग वाचायचं नाही, कुठलंही पान उघडायचं. ही पुस्तकं 'ज्योत्स्ना प्रकाशन'ची आहेत.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी

बारा-तेराव्या वर्षानंतर मुलं 'आपण कोण' हे स्वतःहून विचारायला लागतात. या वयाची आपली बरीच मुलं इंग्रजीत वाचतात. त्याला नाक मुरडण्याऐवजी चांगली पुस्तकं पुढे ठेवावीत.

सुप्रिया केळकर या अमेरिकेतल्या मराठी वंशाच्या लेखिका. त्यांची 'अहिंसा' ही कादंबरी २०१७ सालची. काळ १९४२चा. दहा वर्षांच्या अंजलीची आई स्वातंत्र्यलढ्यात उतरते आणि घरातलं सगळंच बदलतं. या गोष्टीमागची प्रेरणा लेखिकेच्या पणजी, स्वातंत्र्यसैनिक अनसूयाबाई काळे. या पुस्तकातलं मला आवडतं ते हे की लढणारी माणसंसुद्धा जातीच्या बाबतीत कुठे अडखळतात, ते ते झाकत नाही. वीरांची पूजा करण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि मुलांच्या जास्त उपयोगाचं.

वीरा हिरानंदानी यांची 'द नाइट डायरी' फाळणीची. निशा नावाची मुलगी, वडील हिंदू, आई मुसलमान आणि आता हयात नसलेली. सिंधमधलं घर सोडताना ती डायरीत आईला लिहीत राहते. २०१९ साली या पुस्तकाला अमेरिकेतल्या न्यूबेरी पुरस्काराचा 'ऑनर' सन्मान मिळाला. उल्हासनगर, पुणे किंवा इंदूरला सिंधी शेजारी असलेल्या मुलांनी हे वाचावं आणि मग शेजारच्या आजोबांशी गप्पा माराव्यात.

पुस्तक हातात घेतल्यावर काय बघावं

दुकानात उभं असताना पाच मिनिटांत बघता येतील अशा काही गोष्टी सांगते.

पहिली : चित्रांत कोण कोण आहे? सगळी घरं एकाच प्रकारची आहेत का? काम करणारी माणसं चेहऱ्यानिशी आहेत की पाठमोरी?

दुसरी : वाईट माणूस कशावरून ओळखू येतो, वागण्यावरून की रंगावरून?

तिसरी : चित्रकाराचं नाव कुठे छापलं आहे? लोकचित्रशैली वापरली असेल, तर ती त्या समाजातल्या माणसानं काढली आहे का?

चौथी : पुस्तक प्रश्न विचारतं की नुसतं सांगतं? शेवटच्या पानावर 'तात्पर्य' आहे का? तात्पर्य असणं गुन्हा नाही, पण तेच एक असेल तर मूल दुसऱ्यांदा पुस्तक उघडणार नाही.

पाचवी, महाराष्ट्राबाहेरच्यांसाठी : वाक्यं मोठ्यानं वाचून बघा. तोंडात बसत नसतील तर ती कानातही बसणार नाहीत. ज्या मुलांना देवनागरी नीट वाचता येत नाही, त्यांचं पुस्तक पहिल्यांदा तुमच्या आवाजातच येणार आहे.

एक कसोटी सोडून देते, ती म्हणजे 'पुस्तकात किती माहिती आहे'. माहिती शाळा देते.

मिळतात कुठे?

चेन्नईची 'तूलिका' ही प्रकाशनसंस्था इंग्रजीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुस्तकं काढते आणि द्विभाषिक पुस्तकंही करते. एक पालक मराठी वाचतो आणि दुसरा नाही, अशा घरात यांचा मोठा आधार होतो. 'प्रथम बुक्स'नं २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर चित्रपुस्तकं मोफत आहेत, आणि एकच गोष्ट अनेक भाषांत सापडते. बेंगळुरूच्या घरात तीच गोष्ट आधी कन्नडात आणि मग मराठीत वाचता येते. परवाना खुला असल्यामुळे आजोबांनी एखाद्या गोष्टीचा मराठी अनुवाद केला, तर तो तिथे ठेवताही येतो.

आणि 'किशोर' विसरू नका. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. तुमच्या जन्मवर्षाचा एखादा अंक काढून मुलांसमोर उघडा. "आई लहान होती तेव्हा मुलं हे वाचायची" एवढं वाक्य पुरतं.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. तिनं स्वतःचं आठ पानांचं पुस्तक केलं. कागद शिवून, १४ एप्रिलच्या दिवसावर. मिरवणूक, निळे झेंडे, आजीची साडी आणि जिलबीचं ताट. मुखपृष्ठावर तिनं लेखिका म्हणूनही स्वतःचं नाव लिहिलं आणि चित्रकार म्हणूनही. ते पुस्तक आता वर्गाच्या पेटीत छापील पुस्तकांच्या बरोबरीनं असतं, आणि मुलं ते घरी न्यायला मागतात.

तेव्हा 'आपली संस्कृती सांगणारं एक पुस्तक' असं काही मी तुम्हाला सांगू शकत नाही. दहा पुस्तकं सांगू शकते, दहा वेगवेगळ्या घरांची. त्यांत एक तुमच्यासारखं असावं आणि नऊ तुमच्यासारखी नसावीत. येत्या रविवारी यातलं एखादं मिळवा, मुलांना शेजारी घ्या आणि मोठ्यानं वाचा. मधेच कुणी "आमच्याकडे असं नसतं" म्हणालं, तर पुस्तक तिथेच थांबवून आधी ते ऐका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.